पेसमेकर आणि विद्युतचुंबकीय व्यत्यय

पेसमेकर हे हृदयाची गती मंदावल्यास त्यास विद्युत स्पंद देणारे, बहुधा छातीच्या वरच्या भागात त्वचेखाली बसवले जाणारे उपकरण आहे. बाह्य विद्युतचुंबकीय क्षेत्रामुळे त्याच्या कार्यात येणाऱ्या अडथळ्यास विद्युतचुंबकीय व्यत्यय म्हणतात.

कारणे

पेसमेकर हृदयाचे नैसर्गिक संकेत सतत टिपतो. बाह्य संकेत हृदयाचा ठोका म्हणून नोंदला गेल्यास स्पंद देणे थांबू शकते व रुग्णास भोवळ येऊ शकते. याउलट, चुंबक जवळ आल्यास बहुतेक पेसमेकर नैसर्गिक ठोक्यांकडे दुर्लक्ष करून ठरावीक गतीने स्पंद देतात. चुंबक दूर होताच कार्य सहसा पूर्ववत होते.

घरगुती उपकरणे

दूरचित्रवाणी संच, फ्रीज व मायक्रोवेव्ह यांचा नेहमीचा वापर सुरक्षित मानला जातो. मोबाइल फोन पेसमेकरपासून किमान १५ सेंटिमीटर दूर ठेवावा व विरुद्ध बाजूच्या कानाला लावावा. तो सदऱ्याच्या वरच्या खिशात ठेवू नये. चालू इंडक्शन शेगडीपासून सुमारे ६० सेंटिमीटर अंतर सुचवले जाते. अर्थिंग सदोष असलेल्या यंत्रातून शरीरात झिरपणारा विद्युतप्रवाहही व्यत्यय आणू शकतो.

हत्यारे

ड्रिलसारखी विद्युत हत्यारे छातीजवळ धरू नयेत. वेल्डिंग करण्यापूर्वी हृदयरोगतज्ज्ञांचा सल्ला आवश्यक असतो. भोवळ किंवा धडधड जाणवल्यास उपकरणापासून त्वरित दूर व्हावे व लक्षणे न थांबल्यास वैद्यकीय मदत घ्यावी.