कात्रीत अडकवलेली पाचर

वाचकहो, ‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण आपल्याकडे इतकी रुळली आहे, की घरातले वडीलधारे माणूस नातवाचे नाव विसरले, चूल पेटती ठेवून बाहेर निघून गेले, तरी आपण म्हणतो, “वय झालं, चालायचंच!” ही समजूत एकट्या आपलीच नव्हे, युरोपातल्या डॉक्टरांचीही होती. तिला धक्का बसला तो जिची साठी अजून दूर होती अशा एका बाईमुळे.

१९०१ च्या नोव्हेंबरात जर्मनीतील फ्रांकफुर्टच्या मनोरुग्णालयात ऑगस्टे नावाची ५१ वर्षांची बाई दाखल झाली. डॉ. आलोइस अल्झायमर तिच्यापाशी बसून प्रश्न विचारीत आणि उत्तरे टिपून ठेवीत. नाव काय? ऑगस्टे. आडनाव? ऑगस्टे. नवऱ्याचे नाव? तेही ऑगस्टेच! पानात फुलकोबी आणि डुकराचे मांस. काय खाता म्हणून विचारले तर म्हणाली, पालक. ही टिपणे १९९५ साली पुन्हा सापडली, म्हणून हा संवाद आपल्यापर्यंत पोचला. १९०६ च्या एप्रिलात ती वारली. अल्झायमर तोवर म्युनिकला गेले होते. तिचा मेंदू त्यांनी तिकडे मागवून घेतला आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. पेशींच्या आत धाग्यांचा गुंता, आणि बाहेर कसल्याशा पदार्थाचे ठिपके. त्याच वर्षी नोव्हेंबरात ट्यूबिंगेनच्या सभेत त्यांनी हे सांगितले. एकानेही प्रश्न विचारला नाही!

हे ठिपके कशाचे? त्या पदार्थाच्या नावाची एक गंमतच आहे. बटाट्याच्या कापावर आयोडीन टाकले की तो निळाकाळा होतो, हे शाळेत आपण पाहिलेच असेल. रोग्यांच्या शरीरात साठलेला एक पदार्थ आयोडीन आणि गंधकाम्लाने साधारण असाच रंगतो, हे पाहून रुडोल्फ फिर्खो यांनी १८५४ साली त्याला ‘अमिलॉइड’, म्हणजे पिष्टासारखा, असे नाव दिले. पुढे पाचच वर्षांनी फ्रीडरिख आणि केकुले यांनी दाखवून दिले, की यात पिष्ट मुळीच नाही, हे प्रथिन आहे. पण नाव पडले ते पडले. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा! मेंदूतले ठिपके याच जातीचे, हे बेल्जियमच्या दिव्री यांनी १९२७ साली दाखवले.

त्यानंतर बराच काळ शांतता. १९८४ साली कॅलिफोर्नियात ग्लेनर आणि वाँग यांनी रोग्यांच्या मेंदूवरील रक्तवाहिन्यांतून हे प्रथिन वेगळे काढले. (ग्लेनर १९९५ साली वारले ते हृदयात अमिलॉइड साठूनच. नियतीचा खेळ, दुसरे काय!) हे प्रथिन म्हणजे एका मोठ्या प्रथिनाचा कापलेला तुकडा, जेमतेम चाळीस-बेचाळीस मण्यांची माळ, असे लक्षात आले. मग कापतो कोण? शरीरातली एन्झाइमे. पाठ्यपुस्तके त्यांना विकरे म्हणतात. आपण कात्री म्हणू. पहिला काप बीटा सिक्रिटेजचा, दुसरा गॅमा सिक्रिटेजचा. १९९९ साली बीटा कात्री नेमकी ओळखू आली, आणि औषधकंपन्यांत एकच धांदल उडाली. कात्रीच्या पात्यांत पाचर ठोकली, की तुकडा नाही. तुकडा नाही, तर ठिपका नाही. ठिपका नाही, तर रोगही नाही. हिशेब कसा चोख!

गॅमा कात्रीवरची पाचर, सेमागासेस्टॅट, २६०० हून अधिक रोग्यांवर अजमावली. ऑगस्ट २०१० मध्ये प्रयोग थांबवावा लागला. औषध घेणाऱ्यांची स्थिती न घेणाऱ्यांपेक्षा अधिक बिघडली, आणि वर त्वचेच्या कर्करोगाचे प्रमाण वाढले. कारण ती कात्री ‘नॉच’ नावाचे दुसरे एक महत्त्वाचे प्रथिनही कापते. आता बीटावर भरवसा. व्हेरुबेसेस्टॅटने पाठीच्या कण्यातील द्रवात अमिलॉइडचे प्रमाण ६० टक्क्यांहून अधिक खाली आणले. म्हणजे पाचर बसली, आणि चांगलीच बसली! पण २०१७ आणि २०१८ मध्ये तिचे दोन्ही मोठे प्रयोग बंद पडले; नुकतीच सुरुवात झालेल्या रोग्यांत जास्त मात्रा घेणाऱ्यांची स्मरणशक्ती तर थोडी अधिकच ढासळली. पाठोपाठ लानाबेसेस्टॅट, उमिबेसेस्टॅट, एलेनबेसेस्टॅट. २०१९ संपता संपता सगळी दुकाने बंद.

मला विचाराल तर रसायनशास्त्र यात हरले नाही, चुकला तो हिशेब. बीटा कात्रीही मज्जातंतूंवरचे आवरण आणि पेशींमधले सांधे यांच्या कामी येते; शिंप्याच्या हातची कात्री एकाच कापडासाठी थोडीच असते? हे प्राण्यांवरच्या प्रयोगांत पुष्कळसे दिसलेही होते. आणि ज्यांच्यापाशी आठवणींची पुंजी आधीच थोडी होती, अशी माणसे स्वखुशीने या प्रयोगांत आली होती. त्यांतल्या काहींची पुंजी अधिकच घटली, हे विसरून चालणार नाही.

पुढे वाट बदलली. साठलेले अमिलॉइड उपसून काढणारे लेकानेमॅब हे प्रतिपिंड अमेरिकेत २०२३ साली पूर्ण मान्यता पावले. त्याने अठरा महिन्यांत ऱ्हासाचा वेग २७ टक्क्यांनी कमी केला, रोग थांबवला नाही. शिवाय मेंदूत सूज किंवा रक्तस्राव होण्याची भीती आहेच.

तरी पाचर अगदी अडगळीत गेली असे नाही. २०१२ साली आइसलंडमधील काही लोकांत एक जनुकीय फरक आढळला. त्यांच्या त्या मोठ्या प्रथिनात एकच मणी निराळा, आणि त्यामुळे बीटा कात्रीचा काप सुमारे ४० टक्क्यांनी कमी पडतो. तोही जन्मापासून, रोग सुरू झाल्यावर नव्हे. ही माणसे म्हातारपणीही बहुधा शुद्धीत राहतात. म्हणून काही संशोधक म्हणतात, कात्री बंद पाडू नका, नुसती जराशी बोथट करा. आणि तेही पहिले नाव विसरण्याच्या पुष्कळ वर्षे आधी.