नफा गल्ल्यात मोजता येत नाही : प्रस्तावना

वित्तीय लेखाकर्म हा विषय पहिल्यांदाच हातात घेणाऱ्यांसाठी हे पुस्तक आहे. अकरावीला वाणिज्य शाखा घेतलेली मुले, कला किंवा विज्ञान शाखेतून व्यवस्थापनाकडे वळलेले पदवीधर, गृहनिर्माण संस्थेचे खजिनदारपद अचानक गळ्यात पडलेले सभासद आणि बचत गटाची वही सांभाळणाऱ्या महिला, असे सगळे वाचक डोळ्यांपुढे ठेवून ते लिहिले आहे. यांतल्या अनेकांना एकच धास्ती असते : आपले गणित कच्चे, आपल्याला हे जमेल का? त्यांनी निश्चिंत असावे. बेरीज, वजाबाकी आणि थोडी टक्केवारी एवढेच गणित येथे लागते. कस लागतो तो विचाराचा. कोणती रक्कम कोणत्या वर्षाची आणि ती खर्च की मालमत्ता, हे ठरवता येणे हा या शास्त्राचा गाभा आहे.

एक उदाहरण घेऊ. समजा, एका बाईंनी १ एप्रिलला स्वतःचे १,००,००० रुपये घालून मसाल्यांचा व्यवसाय सुरू केला. ६०,००० रुपयांचे कांडप यंत्र रोखीने घेतले. वर्षभरात १,२०,००० रुपयांची मिरची, धने आणि खडा मसाला रोखीनेच आणला. गाळ्याचे भाडे महिना २,००० रुपये. त्यातले मार्चचे भाडे द्यायचे राहिले. वर्षात २,००,००० रुपयांचा मसाला विकला गेला, पण त्यापैकी ४०,००० रुपये दुकानदारांकडून अजून यायचे आहेत. ३१ मार्चला २०,००० रुपयांचा कच्चा माल शिल्लक आहे. वीज, वाहतूक वगैरे खर्च सोयीसाठी तूर्त बाजूला ठेवू.

आता गल्ला मोजला तर ५८,००० रुपये निघतात. लाख रुपये घातले आणि वर्षाअखेर ४२,००० कमी झाले, तेव्हा धंदा बुडाला असेच घरचे म्हणतील. पण हिशेब नीट मांडून पाहा. विक्री २,००,००० रुपयांची झाली. उधारीची रक्कम हातात आली नसली तरी ती याच वर्षाची कमाई आहे. माल १,२०,००० रुपयांचा आणला, पण २०,००० रुपयांचा उरला, म्हणून या वर्षी खपला तो १,००,००० रुपयांचा. भाडे दिले ११ महिन्यांचे, तरी गाळा वापरला १२ महिने; खर्च २४,००० रुपये. यंत्र दहा वर्षे चालेल आणि शेवटी त्याचे काही येणार नाही असे धरले, तर या वर्षाच्या वाट्याला ६,००० रुपये घसारा येतो. वजाबाकी केली की नफा उरतो ७०,००० रुपये.

मग हा नफा आहे कुठे? त्याचे उत्तर ताळेबंद देतो. एका बाजूला यंत्र ५४,०००, शिल्लक माल २०,०००, येणे ४०,००० आणि रोकड ५८,०००. एकूण १,७२,००० रुपये. दुसऱ्या बाजूला मूळ भांडवल १,००,०००, नफा ७०,००० आणि देणे राहिलेले भाडे २,०००. एकूण तेच १,७२,०००. नफा यंत्रात, मालात आणि उधारीत गुंतलेला आहे. या बाईंना बँकेकडून कर्ज घ्यायचे असेल, तर त्यांचा धंदा तोट्यात नाही आणि तरीही रोकड का कमी आहे, हे या एका पानावर दिसते. हे उदाहरण ज्याला नीट उमगले, त्याला उपार्जन तत्त्व कळले. कंपनी कायदा, २०१३ नुसार प्रत्येक कंपनीने याच तत्त्वावर आणि दुहेरी नोंद पद्धतीने हिशेब ठेवणे बंधनकारक आहे.

नवख्याची दुसरी अडचण जमा आणि नावे यांची. पासबुकात पैसे भरले की 'जमा' दिसते, आणि वर्गात शिकवतात की आपल्या वहीत बँकेचे खाते 'नावे' करा. येथे पुष्कळ विद्यार्थी गोंधळतात आणि पुढचे सारे पाठ करू लागतात. गुंता सोपा आहे. पासबुक ही बँकेच्या खतावणीतल्या आपल्या खात्याची नक्कल असते. बँकेच्या दृष्टीने आपण पैसे देणारे, म्हणून तिच्या वहीत आपले खाते जमा. आपल्या दृष्टीने बँक पैसे घेणारी, म्हणून आपल्या वहीत तिचे खाते नावे. व्यवहार एकच, वह्या दोन. वही कोणाची, हा प्रश्न आधी विचारण्याची सवय लागली की नियम घोकावे लागत नाहीत.

ही विद्या जुनी आहे. १४९४ मध्ये लुका पाचोली या इटालियन गणितज्ञ धर्मगुरूचा गणितावरचा मोठा ग्रंथ व्हेनिस येथे छापला गेला. त्याच्या एका भागात तिथल्या व्यापाऱ्यांची दुहेरी नोंद पद्धती त्याने सविस्तर सांगितली : आधी टिपणवही, मग रोजकीर्द, मग खतावणी. पद्धत त्याने शोधली नाही. व्यापारी ती आधीपासून वापरत होते. आपल्याकडेही हिशेबाची शिस्त परकी नाही. पुण्याच्या पेशवे दफ्तरात मोडी लिपीतल्या रोजकीर्दी जपलेल्या आहेत आणि मराठेशाहीचा इतिहास लिहिणाऱ्यांना त्या आजही उपयोगी पडतात. रोजच्या रोज, जिथल्या तिथे केलेली नोंद पुढे पुरावा ठरते, हे त्यावरून कळावे.

पण नोंद खरी असली पाहिजे. तेरीज, म्हणजे खतावणीतल्या नावे आणि जमा शिलकांची यादी, जुळली की हिशेब बरोबर, हा समज विद्यार्थ्याने पहिल्याच महिन्यात सोडावा. एखादा व्यवहार मुळात लिहिलाच नाही, किंवा यंत्राच्या दुरुस्तीचा खर्च यंत्राच्या किमतीत मिळवला, तरी तेरीज बिनबोभाट जुळते. ७ जानेवारी २००९ रोजी सत्यम कॉम्प्युटर्सच्या अध्यक्षांनी पत्र लिहून कबुली दिली, की कंपनीच्या ताळेबंदातली ५,०४० कोटी रुपयांची रोकड आणि बँकशिल्लक अस्तित्वातच नाही. त्या ताळेबंदाच्याही दोन्ही बाजू जुळत होत्या. म्हणून या पुस्तकात पावती, बिल, व्हाउचर आणि बँक जुळवणी पत्रक यांना स्वतंत्र प्रकरणे दिली आहेत. आकड्यामागचा कागद तपासणे हा लेखाकर्माचाच भाग आहे.

पुस्तकाचा क्रम व्यवहाराच्या क्रमाने लावला आहे : रोजकीर्द, खतावणी, तेरीज, वर्षअखेरची समायोजने, नफा-तोटा पत्रक आणि ताळेबंद. समायोजनांवर सर्वांत जास्त पाने खर्च केली आहेत, कारण मुले तिथेच अडतात आणि विषयही तिथेच उलगडतो. हल्ली टॅलीसारखे सॉफ्टवेअर खतावणी क्षणात करून देते. मात्र एखादा खर्च या वर्षीचा की पुढच्या, हा निर्णय माणसालाच घ्यावा लागतो. म्हणून पहिली पंचवीस-तीस उदाहरणे हाताने, रकाने आखून सोडवावीत आणि मगच संगणकाकडे जावे.

वाचकांना एक आग्रहाची विनंती. आपण एखाद्या सहकारी संस्थेचे, पतपेढीचे किंवा साखर कारखान्याचे सभासद असाल. आर्थिक वर्ष संपल्यावर सहा महिन्यांच्या आत वार्षिक सर्वसाधारण सभा होते आणि सभासदांपुढे अहवाल ठेवला जातो. तो अहवाल न उघडता रद्दीत टाकू नका. त्यातला ताळेबंद या पुस्तकाशेजारी ठेवून वाचा, येणे का वाढले ते पाहा, आणि समजले नाही ते सभेत उभे राहून विचारा. पैसा आपला आहे. त्याचा हिशेब वाचता येणे आपले कर्तव्य आहे.