कल्याणचे बंदर ते भिवंडीच्या वखारी

भुसार व किराणा मालाचा व्यापार आपल्या ज्ञातीतील अनेक घराण्यांत पिढीजात चालत आला आहे. तूर, हरभरा, हळद, धणे यांच्या गोण्यांच्या सहवासातच आमच्यापैकी कित्येकांचे बालपण गेले. आज हाच माल भिवंडीच्या वखारींतून परदेशी रवाना होतो. या मार्गाचा पूर्वेतिहास ज्ञातीबांधवांपुढे ठेवणे आम्हांस अगत्याचे वाटते.

भिवंडीचे शेजारगाव कल्याण हे प्राचीन बंदर होय. नाणेघाटातून उतरणारा माल तेथे येई. कान्हेरीच्या लेण्यांतील शिलालेखांत कल्याणच्या व्यापाऱ्यांची दाने नोंदलेली आहेत. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' नामक ग्रीक ग्रंथ सांगतो की, पूर्वी ही मान्यताप्राप्त बाजारपेठ होती. परंतु संदन नामक अधिपतीच्या हाती ती गेल्यावर तेथे चुकून आलेली ग्रीक गलबते पहाऱ्यात भडोचला नेली जात. तरीही सहाव्या शतकात कॉस्मस नावाचा लेखक कल्याणहून धातू, लाकूड आणि कापड परदेशी जात असल्याचे लिहितो. राजाज्ञेने अडलेला व्यापार कालांतराने पुन्हा वाहू लागला, हे यावरून दिसते.

पुढे १८५४ साली आगगाडी कल्याणला पोचली. मुख्य लोहमार्ग कल्याणवरून गेला, भिवंडी बाजूस राहिली. तिला नावलौकिक मिळाला तो मागांमुळे. मात्र मुंबई-आग्रा रस्त्याच्या सान्निध्याने तिच्याभोवती वखारींचे मोठे जाळे उभे राहिले. १९८९ साली न्हावाशेवा येथील बंदर सुरू झाले आणि लातूरकडील तूरडाळ असो की सांगलीची हळद असो, देशावरच्या मालास समुद्राचे नवे द्वार लाभले.

तथापि राजाज्ञेचा अनुभव आमच्या पिढीसही आलाच. कडधान्ये पिकविण्यात आपला देश अग्रेसर, तसाच ती खाण्यातही; म्हणून देशात भाव चढू लागताच २००६ साली सरकारने डाळींच्या निर्यातीस बंदी केली. पुढे काबुली हरभऱ्यास सवलत मिळाली, परंतु बंदी पूर्णपणे उठण्यास २०१७ साल उजाडले. आपल्या ताटातील वरण महाग होऊ नये हा हेतू रास्तच होता. पण अकरा वर्षांत परक्या गिऱ्हाइकाने दुसरे दुकान धरले, तर त्यास दोष कसा द्यावा?

मसाल्यांची कथा निराळी आहे. तेथे अडथळा आला तो मालाच्या शुद्धतेवरून. एप्रिल २०२४ मध्ये इथिलीन ऑक्साइड या जंतुनाशकाचा अंश आढळल्यावरून हाँगकाँग व सिंगापूर येथे काही भारतीय मसाल्यांवर कारवाई झाली. त्यानंतर मसाला मंडळाने त्या दोन्ही ठिकाणी जाणाऱ्या मालाची तपासणी सक्तीची केली. मूठभर मालाच्या दोषाने सबंध देशाच्या मालाकडे संशयाने पाहिले गेले, हे आम्हांस अधिक बोचले.

हुकुमाने मिटलेली वाट हुकुमाने उघडते. गेलेली पत मात्र कोणाच्याही सहीशिक्क्याने परत येत नाही. आमचे वाडवडील गोणी फोडून, चिमूटभर माल तळहातावर घेऊन पाहत, मगच सौदा करीत. तोच तळहात आज प्रयोगशाळेच्या रूपाने परदेशी बंदरावर उभा आहे. त्यापुढे माल निःशंकपणे ठेवता यावा, एवढी दक्षता व्यवसायात पदार्पण करणाऱ्या तरुणांनी घ्यावी, हीच आमची विनंती.