लुझोनचे डोंगर आणि इगोरोट समाज : शरण न गेलेल्यांची शेती

फिलिपाईन्समधील सर्वांत मोठे बेट म्हणजे लुझोन. राजधानी मनिला याच बेटावर आहे. बेटाच्या उत्तरेकडे कॉर्डिलेरा सेंट्रल ही डोंगररांग आहे आणि पुलाग हे तिचे सर्वोच्च शिखर सुमारे २,९०० मीटर उंच आहे. प्रदेश उष्ण कटिबंधातला, तरी पुलागच्या माथ्यावर थंडीत दहिवर गोठते. मेलेल्या माणसांचे आत्मे या डोंगरावर वस्तीला जातात, अशी इथल्या इबालोई लोकांची श्रद्धा आहे.

इबालोई, कांकानाएय, बोंतोक, इफुगाव, कलिंगा, इस्नेग असे अनेक समाज या डोंगरांत राहतात. त्यांना मिळून 'इगोरोट' म्हणतात. शब्दाचा अर्थ साधा आहे : डोंगरातले लोक. पण मैदानी भागात तो शिवीसारखा वापरला गेला. पुढे शिकलेल्या इगोरोट तरुणांनी तोच शब्द अभिमानाने स्वतःला लावला. (शब्दांचे असे उलटणे आपल्या वाचकांना नव्याने समजावायला नको.) इफुगाव आणि कलिंगांपैकी अनेकांना मात्र हे सामायिक नाव आजही मान्य नाही. आणखी एक खुलासा : या कलिंगांचा सम्राट अशोकाच्या कलिंगाशी काहीही संबंध नाही. नाव सारखे दिसते म्हणून इतिहास जोडू नये.

'प्राचीन' म्हणण्यातला घोटाळा

इफुगावच्या भातखाचरांची चित्रे बहुतेकांनी पाहिलेली असतात. तीव्र उतारावर, सुमारे १,५०० मीटर उंचीपर्यंत, दगडमातीचे बांध घालून ही खाचरे रचलेली आहेत. १९९५ मध्ये युनेस्कोने त्यांपैकी पाच समूहांना जागतिक वारशाचा दर्जा दिला. पर्यटकांना सांगितले जाते की ही खाचरे दोन हजार वर्षे जुनी आहेत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या अमेरिकी अभ्यासकांचा हा अंदाज पाठ्यपुस्तकांतही गेला.

पुरातत्त्वज्ञ स्टीफन अकाबादो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कियांगान भागात स्थानिक लोकांना सोबत घेऊन उत्खनन केले, तेव्हा वेगळे चित्र दिसले. आधी इथे मुख्यतः अळूकंदाचे पीक होते. पाण्यातल्या भाताची मोठी खाचरे साधारण चारशे वर्षांपूर्वी, म्हणजे स्पॅनिश लोक लुझोनमध्ये शिरल्यानंतर वाढली. स्पेनने १५७१ मध्ये मनिला घेतले आणि लगेच डोंगरातल्या सोन्याकडे मोर्चा वळवला. खंडणी, वेठ आणि धर्मांतर नको असलेले लोक वर सरकले. वर लोकसंख्या वाढली, तिला अन्न हवे होते आणि एकजुटीने राहणे भाग होते. त्यातून खाचरे उभी राहिली, असे ही मांडणी सांगते.

समाजशास्त्राची विद्यार्थिनी म्हणून मला ही मांडणी फार मोलाची वाटते. 'दोन हजार वर्षे जुने' म्हटले की माणसे निसर्गाचा भाग होतात, जणू त्यांना इतिहास नाही आणि राजकारणही नाही. चारशे वर्षे म्हटले की तीच माणसे निर्णय घेताना दिसतात. स्पेनची सत्ता १८९८ पर्यंत टिकली, पण हे डोंगर तिला कधीच पूर्णपणे ताब्यात घेता आले नाहीत.

पाणी, जंगल आणि उतरंड

खाचरांच्या वर 'मुयोंग' नावाची राखलेली जंगले असतात. ती कुटुंबाच्या मालकीची असतात. लाकूड आणि वेत तिथून मिळतात, पण मुख्य काम पाणी धरून ठेवण्याचे. झऱ्याचे पाणी वरच्या खाचरातून खालच्या खाचरात उतरते. वरच्याने बांध फुटू दिला तर खालच्याचे पीक जाते, त्यामुळे दुरुस्ती हा एकट्याचा मामला राहत नाही. 'तिनावोन' हा पारंपरिक भात वर्षातून एकदाच येतो. कापणीच्या वेळी आणि मृतांसाठी 'हुडहुड' ही दीर्घ कथागीते गातात. गाण्यात पुढाकार बहुधा स्त्रियांचा असतो.

हे सगळे सुंदर आहे, पण समतेचे नव्हते. खाचरांचा मोठा वाटा पहिल्या अपत्याकडे जाई. जमीनदार 'कादांग्यान' वरच्या पायरीवर आणि भूमिहीन खालच्या पायरीवर असत. गावागावांत वैर होते, शिरकाणही होते. ते थांबवण्यासाठी कलिंगांनी 'बोदोंग' हा शांतताकराराचा रिवाज घडवला. आदिवासी समाजाला स्वर्ग ठरवणे हीसुद्धा त्याला माणूस न मानण्याचीच एक रीत आहे.

प्रदर्शनापासून धरणापर्यंत

स्पेननंतर अमेरिका आली. १९०४ मध्ये सेंट लुईसच्या जागतिक प्रदर्शनात इगोरोट माणसांना 'रानटी' म्हणून मांडून ठेवले गेले. त्याच काळात मातेओ कारिन्यो हे इबालोई गृहस्थ बागियो परिसरातील आपल्या जमिनीसाठी कोर्टात लढत होते. १९०९ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला : पिढ्यान्‌पिढ्या खाजगी मालकीने वहिवाटलेली जमीन मुळातच सरकारी नव्हती, असे मानावे लागेल. निकाल मोठा होता, तरी सत्ताधाऱ्यांनी डोंगर सरकारी मानणे सोडले नाही. १९५० च्या दशकात आग्नो नदीवर आंबुकलाव धरण झाले आणि इबालोईंची शेते बुडाली.

म्हणूनच मार्कोस राजवटीने जागतिक बँकेच्या आधाराने चिको नदीवर चार धरणे आखली, तेव्हा कलिंगा आणि बोंतोक लोकांना पुढचे दिसत होते. देशात मार्शल लॉ होता. स्त्रियांनी सर्वेक्षणाच्या छावण्या उखडल्या. जुना बोदोंग आता धरणाविरुद्ध गावे जोडण्यासाठी वापरला गेला. आंदोलनाचे एक प्रमुख नेते माक्लिइंग दुलाग यांना २४ एप्रिल १९८० रोजी सैनिकांनी त्यांच्या घरी गोळ्या घातल्या. चार धरणांची ती योजना सोडून द्यावी लागली. २४ एप्रिल आज 'कॉर्डिलेरा दिन' म्हणून पाळला जातो.

१९९७ मध्ये फिलिपाईन्सने मूलनिवासी हक्क कायदा केला. वडिलोपार्जित भूमीवर प्रकल्प आणायचा तर समाजाची मुक्त, पूर्वसूचित संमती घेणे त्यात बंधनकारक आहे. पण दोनच वर्षे आधी, १९९५ मध्ये, परदेशी कंपन्यांना दारे उघडणारा खाणकायदा झाला होता. दोन्ही कायदे एकाच डोंगराला लागू आहेत. त्यामुळे कॉर्डिलेरात आता भांडण बरेचदा एका कागदावर येऊन थांबते : संमतीपत्रावर सही कोणी केली, आणि गावाच्या वतीने सही करण्याचा अधिकार त्याला कोणी दिला?