गर्भारपणातील तीव्र वसायकृत् विकार

गर्भारपणाच्या अखेरच्या तीन महिन्यांत यकृताच्या कोशिकांत वसेचे सूक्ष्म थेंब साचून यकृताचे कार्य झपाट्याने ढासळते, त्या विकाराला ही संज्ञा देतात. मळमळ, वांत्या, कावीळ, रक्तातील ग्लुकोज घटणे व रक्त न गोठणे ही त्याची लक्षणे होत. हा विकार विरळा असून सु. ७,००० ते २०,००० गर्भारपणांत एकदा आढळतो.

पूर्वी असे रुग्ण ‘यकृताचा तीव्र पीत क्षय’ या सदरात मोडत. १९४० मध्ये ग्लासगो येथील विकृतिवैज्ञानिक एच. एल. शीहान यांनी शवपरीक्षांच्या आधारे हा विकार त्या क्षयाहून व क्लोरोफॉर्मच्या विषबाधेहून वेगळा काढला; यात कोशिका फारशा मरत नाहीत, वसेने फुगतात. कारण मात्र पुढे अर्धशतक मातेच्याच शरीरात शोधले गेले. १९६३ मध्ये शिरेतून मोठ्या मात्रेत टेट्रासायक्लीन दिलेल्या गर्भवतींत असेच यकृत आढळल्याने औषधावर संशय गेला. पण ते न घेतलेल्या स्त्रियांच्या आजाराचा उलगडा त्यामुळे होईना.

१९९१ मध्ये ऑस्ट्रेलियातील वैद्यांनी हा विकार पुन्हा झालेल्या एका स्त्रीच्या अपत्यात वसाम्लांच्या ऑक्सिडीभवनाचा जन्मजात दोष असल्याचे नोंदविले, आणि शोधाची दिशाच पालटली. लांब साखळीच्या वसाम्लांचे विघटन करणाऱ्या एका डीहायड्रोजनेज एंझाइमाचा जीन दुसऱ्या गुणसूत्रावर असतो. त्यातील दोष अप्रभावी असल्याने आईवडील केवळ वाहक असतात व एरवी निरोगी दिसतात. दोघांकडूनही सदोष जीन आलेल्या गर्भात मात्र हे विघटन अडते. वार ही गर्भाच्याच जीनांनी घडलेली असल्याने तिच्यातही तोच दोष असतो. अर्धवट विघटित द्रव्ये मातेच्या रक्तात उतरतात आणि वाहक मातेच्या यकृताला तो भार पेलवत नाही, असे मानले जाते. प्रसूती त्वरित करणे हाच उपचार का, हेही त्यावरून उमगते. १९९९ मध्ये अमेरिकेत २४ बालकांच्या व त्यांच्या मातांच्या अभ्यासातून हा संबंध दृढ झाला. सर्वच रुग्णांत हा दोष सापडत नाही, हे खरे.

आईचा आजार आणि काही महिन्यांनी ओढवलेला अर्भकाचा अकस्मात मृत्यू ही पूर्वी दोन निराळी संकटे वाटणे स्वाभाविक होते. आता अशा मातेच्या नवजात बालकाची तपासणी करतात. दोष आढळल्यास त्याला उपाशी ठेवत नाहीत व मध्यम साखळीच्या वसेचा आहार देतात. अशा दांपत्याच्या पुढील प्रत्येक अपत्यात हा दोष असण्याची शक्यता चारात एक असते.