स्पायरोमेट्री

स्पायरोमेट्री किंवा श्वसनमापन ही फुप्फुसांची कार्यक्षमता मोजणारी वैद्यकीय चाचणी आहे. पूर्ण श्वास घेऊन तो शक्य तितक्या जोराने बाहेर सोडल्यास किती हवा किती वेळात बाहेर पडते, याची नोंद या चाचणीत होते. तिच्यासाठी वापरल्या जाणाऱ्या उपकरणास स्पायरोमीटर म्हणतात. दमा आणि दीर्घकालीन अवरोधक फुप्फुसविकार, म्हणजेच सीओपीडी, यांच्या निदानात ती मूलभूत मानली जाते. छातीची क्ष-किरण प्रतिमा फुप्फुसांची रचना दाखवते. श्वासमार्गातील अडथळा किती आहे हे तिच्यावरून मोजता येत नाही.

इतिहास

इंग्लंडमधील वैद्य जॉन हचिन्सन यांनी १८४६ साली स्पायरोमीटरविषयीचे आपले संशोधन प्रसिद्ध केले. त्यांच्या उपकरणात सोडलेल्या श्वासामुळे पाण्यावर उलटे ठेवलेले भांडे वर उचलले जाई. दोन हजारांहून अधिक व्यक्तींची मोजणी करून त्यांनी फुप्फुसांची क्षमता उंचीनुसार वाढते, असे दाखवले. या मापनात वेळेचा विचार नव्हता. १९४७ साली फ्रान्समधील तिफ्नो आणि पिनेली यांनी ठरावीक वेळेत सोडलेली हवा मोजण्याची पद्धत मांडली आणि आजच्या चाचणीचा पाया घातला गेला. सध्याची उपकरणे बहुधा हवेच्या प्रवाहाचा वेग मोजून त्यावरून आकारमान काढतात.

कार्यपद्धती

व्यक्तीला ताठ बसवून नाकाला चिमटा लावतात. छाती पूर्ण भरेल इतका श्वास घेऊन ओठांनी तोंडनळी घट्ट धरली जाते आणि श्वास एका झटक्यात, फुप्फुसे रिकामी होईपर्यंत सोडला जातो. ही क्रिया अनेक सेकंद, काहींच्या बाबतीत १५ सेकंदांपर्यंत चालते. किमान तीन निर्दोष प्रयत्न आवश्यक असतात आणि प्रौढांमध्ये त्यांपैकी सर्वोत्तम दोन नोंदींतील फरक १५० मिलिलिटरपेक्षा अधिक नसावा, असा आंतरराष्ट्रीय संकेत आहे. त्यानंतर श्वासनलिका रुंदावणारे सालब्युटॅमॉलसारखे औषध देऊन सुमारे १५ मिनिटांनी चाचणी पुन्हा घेतली जाते.

मापे आणि त्यांचा अर्थ

जोराने सोडलेल्या एकूण हवेस एफव्हीसी आणि पहिल्या सेकंदात बाहेर पडलेल्या हवेस एफईव्ही-१ म्हणतात. उदाहरणार्थ, एकूण ३ लिटर हवेपैकी पहिल्या सेकंदात १.८ लिटर बाहेर पडल्यास गुणोत्तर ०.६० येते. औषध दिल्यानंतरही हे गुणोत्तर ०.७० पेक्षा कमी राहिल्यास, लक्षणे व पूर्वेतिहास जुळत असल्यास, सीओपीडीचे निदान केले जाते. औषधाने लक्षणीय सुधारणा झाल्यास दम्याची शक्यता वाढते. दोन्ही मापे कमी असून गुणोत्तर टिकून असल्यास फुप्फुसे आकुंचित झाल्याचा संशय घेतला जातो. त्याची खात्री फुप्फुसांचे एकूण आकारमान मोजूनच करता येते.

संदर्भमूल्ये

मापांची तुलना त्याच वयाच्या, उंचीच्या व लिंगाच्या निरोगी व्यक्तींच्या अपेक्षित मूल्यांशी करतात. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या जागतिक समीकरणांत भारतीय उपखंडासाठी स्वतंत्र समीकरण नव्हते. युरोपीय मूल्ये लावल्यास निरोगी भारतीय व्यक्तीही आजारी ठरू शकते. याउलट, भारतीयांसाठी अपेक्षित मूल्येच कमी धरल्यास कुपोषण, दारिद्र्य किंवा धुरामुळे झालेली हानी ‘सामान्य’ म्हणून नजरेआड होण्याचा धोका असतो. गुणोत्तरावर मात्र या फरकाचा परिणाम तुलनेने कमी होतो.

पुण्यातील संशोधन

सीओपीडी हा प्रामुख्याने धूम्रपान करणाऱ्यांचा विकार आहे, या समजुतीचा फेरविचार होण्यात पुण्यातील संशोधनाचा वाटा आहे. चेस्ट रिसर्च फाउंडेशन या पुण्यातील संस्थेचे संदीप साळवी आणि लंडनचे पीटर बार्न्स यांनी २००९ साली ‘द लॅन्सेट’मध्ये धूम्रपान न करणाऱ्यांमधील सीओपीडीचा आढावा प्रसिद्ध केला. पुण्यातील २२ झोपडपट्ट्यांच्या प्रश्नावलीवर आधारित पाहणीत आढळलेल्या रुग्णांपैकी निम्म्याहून अधिक धूम्रपान न करणारे होते, याचा त्यात उल्लेख आहे. लाकूड, गोवऱ्या व पिकांचे अवशेष जाळणाऱ्या चुलींचा धूर, कामाच्या ठिकाणची धूळ व वायू, पूर्वी झालेला क्षयरोग आणि बालपणीचे श्वसनसंसर्ग ही यामागील महत्त्वाची कारणे होत.

प्रश्नावलीतून लक्षणे कळतात. अडथळ्याचे मोजमाप होत नाही. चाळिशीपुढील प्रौढांची औषधानंतरची स्पायरोमेट्री करणाऱ्या ‘बोल्ड’ या आंतरराष्ट्रीय सर्वेक्षणात पुण्याचाही समावेश होता. केवळ विडी-सिगारेट ओढणाऱ्यांचीच तपासणी केल्यास चुलीपुढे आयुष्य घालवलेल्या स्त्रियांचा विकार निदानाविना राहू शकतो. म्हणून दीर्घकाळ खोकला किंवा धाप असल्यास व्यसन नसलेल्यांचीही चाचणी महत्त्वाची ठरते.

मर्यादा आणि दक्षता

चाचणीची विश्वासार्हता व्यक्तीच्या प्रयत्नावर आणि तंत्रज्ञाच्या प्रशिक्षणावर अवलंबून असते. अर्धवट घेतलेला श्वास किंवा ओठांतून निसटणारी हवा यांमुळे माप चुकते. ०.७० ही ठरावीक मर्यादा वृद्धांमध्ये विकार नसताना निदान घडवू शकते, तर तरुणांमध्ये विकार असूनही तो निसटू शकतो. दम्यात त्रास नसताना निष्कर्ष सामान्य येऊ शकतो. नुकताच हृदयविकाराचा झटका आलेल्या किंवा मेंदू, डोळे, छाती वा पोटाची शस्त्रक्रिया झालेल्या व्यक्तींची चाचणी सामान्यतः पुढे ढकलली जाते. संसर्गजन्य क्षयाचा संशय असल्यासही हीच दक्षता घेतात. संसर्ग टाळण्यासाठी प्रत्येक व्यक्तीस स्वतंत्र तोंडनळी दिली जाते.