जात्यावरच्या ओव्यांचे दप्तर

इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे किल्ले, लढाया आणि सनदा उभ्या राहतात. आपल्या बीड जिल्ह्याला लेखी वारशाची वाण नाही. अंबाजोगाईस आद्यकवी मुकुंदराजांची समाधी आहे. तेथेच दासोपंतांनी (1551 ते 1615) आपले 'पंचीकरण' कागदावर नव्हे, तर लांबलचक कापडावर लिहिले. ती 'पासोडी' म्हणून प्रसिद्ध आहे. नेकनूरहून मांजरसुंब्याकडे गेले की जवळच कपिलधार लागते. तेथे 'परमरहस्य' लिहिणाऱ्या मन्मथस्वामींची समाधी आहे. खुद्द आपल्या गावी बंकटस्वामी महाराजांचा मठ आहे. हा सारा वारसा टिकला, कारण कोणीतरी तो लिहिला आणि कोणीतरी तो जपला.

परंतु भगिनींनो, याच मुलखात आणखी एक वाङ्मय पिढ्यान्‌पिढ्या रचले जात होते. ते पहाटे, कोंबडा आरवण्याच्या आधी, जात्याच्या खुंट्याला हात घालून रचले गेले. त्याला शाई लागली नाही, कागदही लागला नाही. माहेर, भाऊ, सासुरवास, पंढरीची वाट, पाऊस आणि दुष्काळ हे सारे विषय त्यात होते. दळणाबरोबर ओवी सरे आणि दुसऱ्या दिवशी नव्याने सुरू होई. आईकडून लेकीकडे, सासूकडून सुनेकडे ती जाई. एकीने रचलेली ओवी दुसरी गाई, तिसरी तीत आपल्या भावाचे नाव घाली.

या वाङ्मयातले लिहिले गेले ते थोडे, आणि तेही बहुधा योगायोगाने. शेजारच्या परभणी जिल्ह्यातील गंगाखेडची जनाबाई पाहा. नामदेवांच्या घरी दळणकांडण करणाऱ्या या दासीच्या नावावर आज तीनशेहून अधिक अभंग आहेत. संतमेळ्यात तिला स्थान मिळाले म्हणून तिचे शब्द गाथेत आले. खानदेशच्या बहिणाबाई चौधरींना लिहिता येत नव्हते. त्यांचे पुत्र कवी सोपानदेव आणि घरची मंडळी यांनी काही गाणी टिपून ठेवली, आणि 1951 साली त्या निवर्तल्यावर 1952 मध्ये ती पुस्तकरूपाने आचार्य अत्र्यांच्या पुरस्काराने महाराष्ट्रापुढे आली. घरात लिहिणारा मुलगा नसता तर? हा प्रश्न एकट्या बहिणाबाईंपुरता नाही. अशा किती जणींच्या घरी टिपून ठेवणारे कोणी नव्हते, त्यांची गणती कोण करणार?

साने गुरुजींनी स्त्रियांच्या ओव्या गोळा करून छापल्या. डॉ. सरोजिनी बाबर यांनी महाराष्ट्र राज्य लोकसाहित्य समितीच्या द्वारे गावोगावची गाणी ग्रंथांत आणली. ही कामे मोठीच आहेत. तथापि कागदावर शब्द उतरतो, गळा उतरत नाही. ओवी कोणत्या चालीवर म्हटली, कोठे दम घेतला, जात्याची घरघर कोठे चढली आणि कोठे उतरली, हे छापील पानावर ऐकू येत नाही.

ही उणीव भरून काढण्याचे एक मोठे काम आपल्याच महाराष्ट्रात झाले आहे, आणि त्यात बीड जिल्ह्याचाही वाटा आहे. पुण्याच्या हेमा राईरकर आणि मूळचे फ्रान्सचे गी पॉयत्वाँ या दोन समाजशास्त्रज्ञांनी 1980 च्या दशकात पुणे जिल्ह्याच्या डोंगरी भागातील कष्टकरी बायकांमध्ये काम करताना जात्यावरच्या ओव्या टिपून घेण्यास आरंभ केला. पुढे अनेक कार्यकर्ते त्यांना मिळाले. पुणे जिल्ह्यापुरते सुरू झालेले काम एक हजारांहून अधिक गावांपर्यंत पोहोचले. तीन हजारांहून अधिक बायकांनी गायिलेल्या एक लाखाहून अधिक ओव्या त्यांनी जमविल्या. 1990 च्या दशकाच्या उत्तरार्धात बर्नार्ड बेल हे संगीताचे आणि संगणकाचे जाणकार फ्रेंच अभियंते त्यांना येऊन मिळाले. त्यांच्या साहाय्याने सव्वाशे तासांच्या आसपास ध्वनिमुद्रण झाले, आणि सर्व ओव्यांचे एक संगणकीय दप्तर तयार झाले.

या दप्तराची मांडणी समजून घेण्याजोगी आहे. प्रत्येक ओवीला क्रमांक आहे. ती कोणी म्हटली, तिचे गाव, तालुका आणि जिल्हा कोणता, आणि ओवीचा विषय काय, हे सर्व तिच्याबरोबर नोंदविलेले आहे. संगणकात आवाज साठवितात तो आकड्यांच्या रूपाने. एका सेकंदात हजारो वेळा आवाज मोजला जातो आणि ती मोजमापे लिहून ठेवली जातात. म्हणून जुन्या फितीची नक्कल करताना आवाज जसा दर वेळी थोडा विटत असे, तसा तो येथे विटत नाही. शंभरावी प्रतही पहिलीसारखीच निघते.

गी पॉयत्वाँ 2004 मध्ये निवर्तले. हेमाताईही आज आपल्यात नाहीत. पण काम थांबले नाही. पी. साईनाथ यांनी 2014 साली सुरू केलेल्या 'पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया' अर्थात 'पारी' या भांडाराने हा ठेवा हाती घेतला, आणि 2017 पासून या ओव्या आवाजासह, मराठी शब्दांसह व भाषांतरासह साऱ्या जगाला विनामूल्य ऐकावयास मिळू लागल्या. त्यांत आपल्या जिल्ह्यातील माजलगावच्या भीमनगरातील बायकांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि रमाबाई यांच्यावर गायिलेल्या ओव्या आहेत. त्यांचे ध्वनिमुद्रण 1996 साली झाले होते. ज्या वस्तीची दखल सरकारी दप्तराने फारशी घेतली नाही, तेथील बायकांनी आपला इतिहास स्वतः गाऊन ठेवला, आणि तो त्यांच्या नावागावासह राहिला. या कामाचे खरे मोल मला येथे दिसते. नाव पुसले की ओवी 'लोकांची' होते आणि रचणारी बाई पुन्हा एकदा नाहीशी होते.

जाते थांबले याचे दुःख करावे असे नाही. दोन-दोन पायल्या दळून ज्यांचे खांदे भरून आले, त्या आपल्या आज्यांना पिठाची गिरणी देवासारखीच वाटली असेल. कष्ट गेले हे उत्तमच झाले. मात्र कष्टाबरोबर ओवीची जागाही गेली. जात्यापाशी बाई एकटी असे आणि मनातले बोलू शके. गिरणीच्या रांगेत ती सोय नाही.

आता प्रश्न आपल्या नेकनूरचा. 17 सप्टेंबर 1948 रोजी निजामी राजवट संपली, तेव्हा जी मुलगी दहा वर्षांची होती ती आज नव्वदीच्या घरात आहे. 1972 च्या दुष्काळात खडी फोडून मिलो आणि सुकडीवर लेकरे जगविणाऱ्या बायका आज सत्तरी ओलांडून गेल्या आहेत. दसरा-दिवाळीनंतर कोयता घेऊन उसाच्या फडात जाणाऱ्या आपल्या बहिणींजवळही त्यांच्या वाटेची गाणी आहेत, आणि वर्षातले निम्मे दिवस त्या गावात नसतात. मोहल्ल्यातील आपल्या मुसलमान भगिनींच्या लग्नगीतांची नोंदही याच वहीत व्हावयास हवी. उशीर झाला तर मागाहून भरून निघणारे हे नुकसान नव्हे.

या कामाला मोठा निधी लागत नाही. प्रत्येक घरात आता मोबाईल आहे आणि त्यात आवाज मुद्रित होतो. परंतु नुसते मुद्रण म्हणजे दप्तर नव्हे. मोबाईल बिघडला की आवाज गेला, आणि नावाशिवाय इकडून तिकडे पाठविलेल्या गाण्याला वाली राहत नाही. म्हणून मंडळापुढे चार गोष्टी ठेवते. एक, गाणाऱ्या बाईला आधी विचारावे. कोणती ओवी चारचौघांत जावी आणि कोणती घरातच राहावी, हे तिने ठरवावे. सासरच्या जाचाच्या ओव्यांबाबत तर हे फारच जपावे. दोन, आरंभीच तिचे नाव, माहेर, सासर आणि तारीख तिच्याच तोंडून मुद्रित करून घ्यावी. तीन, प्रत्येक मुद्रणाच्या तीन प्रती तीन ठिकाणी ठेवाव्यात, आणि जोडीला एक साधी वही असावी. चार, जे मुद्रित झाले ते तिला आणि तिच्या लेकीसुनांना परत ऐकवावे.

हा शेवटचा मुद्दा विसरता कामा नये. जिचे धन तिच्या घरी पोहोचलेच नाही, तर गोळा करणाऱ्याने ते केवळ उचलून नेले असे होईल. मंडळात लिहिणाऱ्या-वाचणाऱ्या मुली पुष्कळ आहेत. प्रत्येकीने या वर्षी आपल्या आळीतील एका वयोवृद्ध बाईपाशी बसावे, म्हणजे पुढील वर्धापनदिनापर्यंत नेकनूरच्या ओव्यांची पहिली वही भरेल. त्या वहीत पहिले नाव कोणाचे असावे, हे येत्या बैठकीत आपण सर्वांनी मिळून ठरवू या.